पाणी हेच घड्याळ

हजार-दीड हजार रुपयांत मिळणाऱ्या छोट्या राइस कुकरला एकच खटका असतो. धुतलेले तांदूळ आणि पाणी घालायचं, झाकण ठेवायचं, खटका खाली दाबायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी तो आपोआप वर उडतो आणि भात झालेला असतो. तांदूळ एक वाटी असोत की तीन, कोलम असो की आंबेमोहोर, पाणी माठातलं गार असो की नळाचं कोमट, खटका आपली वेळ बरोबर साधतो. आत ना घड्याळ, ना वजनकाटा, ना इलेक्ट्रॉनिक चिप. मग भात झाल्याचं याला कळतं कसं?

खरं म्हणजे भात शिजला की नाही हे त्याला कळतच नाही. भांड्याच्या तळाशी आता मोकळं पाणी उरलेलं नाही, एवढंच त्याला कळतं. ही गोष्ट नीट ध्यानात आली की कुकरबद्दलच्या बहुतेक तक्रारींची कारणं घरच्या घरी उलगडतात, आणि त्याच्याकडून भातापलीकडचीही बरीच कामं करून घेता येतात.

उकळायला लागलेलं पाणी शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. खालून कितीही आच दिली तरी ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा खर्च मोठा असतो. पंचवीस अंशांचं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. त्यामुळे तळाशी पाणी आहे तोवर भांड्याचा तळ शंभराच्या आसपासच राहतो. थोडं पाणी दाण्यांत मुरलं, थोडं वाफ होऊन गेलं, की तळाला थोपवून धरणारं काही उरत नाही आणि तापमान झपाट्याने चढू लागतं.

हे चढणं पकडतो कोण? कुकरचं आतलं भांडं उचलून पाहा. तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध नाण्याएवढी एक चकती दिसेल, बोटाने दाबली तर खाली-वर होणारी. तिच्या आत फेराइट नावाच्या पदार्थाचा तुकडा असतो आणि त्याच्या खाली कायमस्वरूपी लोहचुंबक. आपण खटका दाबतो तेव्हा चुंबक वर जाऊन फेराइटला चिकटतो आणि वीज सुरू होते. मधली स्प्रिंग त्या दोघांना सतत दूर ढकलत असते, पण चुंबकाची ओढ तिच्यापेक्षा जबर असते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचं एक ठरावीक तापमान असतं. ते ओलांडलं की तो चुंबकाला दाद देईनासा होतो. पिएर क्युरी यांनी १८९५ सालच्या आपल्या प्रबंधात तापमान आणि चुंबकत्व यांचा संबंध तपासला, म्हणून त्याला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडाचं क्युरी तापमान ७७० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे स्वयंपाकघराच्या कामाचं नाही. फेराइट मात्र लोहाच्या ऑक्साइडमध्ये मँगनीज, जस्त अशा धातूंची ऑक्साइडं मिसळून भाजलेलं असतं, आणि मिश्रणाचं प्रमाण बदलून त्याचं क्युरी तापमान हवं तिथे आणता येतं. टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई या संशोधकांनी १९३० साली फेराइटवर पायाभूत काम केलं. राइस कुकरमधलं फेराइट साधारण १०३ अंशांना बेतलेलं असतं. तळाने ती पायरी ओलांडली की चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग जिंकते आणि खटका उडतो.

मला या रचनेचं फार कौतुक वाटतं, कारण ती परिस्थितीला सांभाळून घेते. गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरला तर कुकरची ताकद साठ टक्क्यांवर येते. मिनिटं मोजणाऱ्या यंत्राने अशा वेळी कच्चा भात वाढला असता. हा कुकर पाणी आटेपर्यंत थांबतो. मध्येच वीज गेली तरी चुंबक फेराइटला चिकटलेलाच राहतो, कारण तळ अजून १०३ अंशांच्या खालीच असतो. वीज आली की काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. भारनियमन ज्यांनी अनुभवलंय त्यांना याचं मोल सांगायला नको. अर्थात वीज चार-चार तास आलीच नाही, तर अर्धवट शिजलेला तो भात खाऊ नये.

पाण्याने वेळ मोजायची ही कल्पना जपानची. मातीच्या चुलीवर भात करणाऱ्या तिथल्या गृहिणीला पहाटे उठून आचेची राखण करत बसावं लागे. विजेवर भात शिजवायची भांडी आधीही निघाली होती, पण ती वेळेवर हाताने बंद करावी लागत. म्हणजे राखण चुकत नव्हतीच. आपोआप बंद होणारा कुकर बनवायचं काम तोशिबा कंपनीतले शोगो यामादा यांनी योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराकडे दिलं. मिनामींना यंत्रं कळत होती. भाताचे प्रयोग मात्र त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केले. वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या आचेवर, तापमान आणि वेळ टिपून ठेवत त्या पुन्हा पुन्हा भात शिजवत राहिल्या. पाण्याला उकळी फुटल्यावर सुमारे वीस मिनिटं ती आच टिकली की भात उत्तम होतो, हे या खटाटोपातून पक्कं झालं. मग प्रश्न उरला तो वीस मिनिटं मोजायची कशी. मिनामींनी भांड्यात भांडं ठेवलं. आतल्या भांड्यात तांदूळ-पाणी, बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी. ते पेलाभर पाणी आटायला साधारण वीस मिनिटं लागत. आटलं की बाहेरचं भांडं शंभर अंशांच्या वर तापे, दोन धातूंची जोडपट्टी वाके आणि वीज तुटे.

१९५५च्या डिसेंबरात हा कुकर बाजारात आला. किंमत ३,२०० येन, त्या काळी सामान्य कुटुंबाला विचार करायला लावणारी. तरीही चार-पाच वर्षांत जपानमधल्या जवळपास निम्म्या घरांत विजेचा भात-कुकर पोचला. पुढे बाहेरचं भांडं गेलं, तळ थेट तापवणारं एकेरी भांडं आलं आणि यंत्र स्वस्त झालं. आज आपण घेतो तो छोटा कुकर याच वळणाचा. या यंत्राच्या इतिहासात अभियंत्यांच्या बरोबरीने फुमिको मिनामी यांचं नाव घ्यायलाच हवं, कारण भात कधी ‘झाला’ हे ठरवणारी जीभ आणि नोंदवही त्यांची होती.

आता आपल्या ओट्यावर येऊ. पूर्वी घरोघर भात वेळून करत. भरपूर आधणात तांदूळ शिजवायचे आणि पेज काढून टाकायची. तिथे पाण्याचं माप चुकलं तरी बिघडत नसे, जास्तीचं निघून जाई. राइस कुकरमध्ये घातलेलं पाणी एकतर दाण्यात जातं, नाहीतर वाफेतून हवेत. त्यामुळे इथलं सगळं कौशल्य पाण्याच्या मापात आहे.

या पाण्याचे दोन वाटे करून विचार करावा. एक वाटा दाणा पितो. तांदूळ दुप्पट तर हा वाटाही दुप्पट. दुसरा वाटा वाफ होऊन जातो, आणि तो तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही. झाकण किती घट्ट बसतं आणि उकळी किती वेळ चालते, यावर तो ठरतो. म्हणून एका वाटीला दोन वाट्या पाणी बरोबर बसत असेल, तर तीन वाट्यांना सहा घालून भात आसट होतो, सव्वापाच-साडेपाच पुरतात. ‘एकास दोन’ हे प्रमाण घट्ट धरून ठेवल्यामुळे पाहुणे आले की भात बिघडतो, त्याचं कारण हे. याच हिशेबाने मोठ्या कुकरात अर्धी वाटी तांदूळ लावणंही टाळावं. रुंद तळावर दाण्यांचा पातळ थर पसरतो, वाफेचा वाटा दाण्याच्या वाट्याला डोईजड होतो आणि भात कोरडा राहतो.

कुकरबरोबर जे प्लास्टिकचं माप येतं ते बहुधा १८० मिलीचं असतं. ते ‘गो’ या जुन्या जपानी मापावरून आलेलं आहे, आणि त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतात. भांड्याच्या आतल्या रेघा त्या मापाशी जुळवलेल्या असतात. आपल्या घरातली आमटीची वाटी वापरायची असेल तर जरूर वापरावी, फक्त तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजावं आणि रेघांकडे बघू नये.

आणि तांदूळ कुठला, हे तर पाहायलाच हवं. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, सरळ लांब अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा, फडफडीत होतो. कमी असेल तर मऊ आणि चिकटसर. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी हा आंबेमोहोरचा वारसा असलेला वाण. तो मऊ होतो, सुवासिक असतो आणि पाणी कमी मागतो. नवा इंद्रायणी असेल तर मी एका वाटीला पावणेदोन वाट्यांच्या वर जात नाही. वर्षभर मुरलेला कोलम मात्र दोन-सव्वादोन वाट्या पाणी सहज पितो. जुना तांदूळ अधिक कोरडा झालेला असतो आणि त्याचा दाणाही घट्टावलेला असतो, म्हणून तो जास्त पाणी घेऊनही मोकळा राहतो. आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहोर असा नावाजलेला तांदूळ घरी आला तर पहिल्या दिवशी पाणी बेताचं घालावं. भात दडदडीत राहिला तर पाव वाटी उकळतं पाणी शिंपडून झाकण ठेवता येतं. गिचका झाला तर मागे फिरता येत नाही.

बासमती अर्धा तास भिजवून, निथळून घेतला तर दीड वाटी पाणी पुरतं. भिजवल्याचा फायदा सगळ्याच तांदळांना होतो. कुकरचं पाणी आठ-दहा मिनिटांत उकळीला येतं आणि दाण्याच्या गाभ्यापर्यंत ओल पोचायला तेवढा अवधी कमी पडतो. ओल आधीच पोचलेली असेल तर दाणा आतून-बाहेरून सारखा फुलतो.

कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ ही वेगळीच जात. भात सालीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग भरडतात. त्या उकडण्यात आतला स्टार्च एकदा शिजून पुन्हा घट्ट बसलेला असतो, म्हणून तो सावकाश पाणी पितो. दोन-तीन तास भिजवून, एकास तीन पाणी घालून लावावा, आणि खटका उडाल्यावर कणी लागत असेल तर आणखी अर्धी वाटी गरम पाणी घालून दहा मिनिटांनी खटका पुन्हा दाबावा. त्याचीच पेज करायची असेल तर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. पेजेत पाणी संपतच नाही, त्यामुळे खटका उडत नाही. कुकर रटरट शिजवत राहतो. भांडं निम्म्याच्या खाली भरावं, नाहीतर सगळी पेज ओट्यावर येते.

उतू जाणं ही या स्वस्त कुकरची खरी उणीव आहे. झाकण सैल, वाफेला वाट छोटी, आणि आच कमी-जास्त करायची सोय नाही. धुण्यात कसूर राहिली तर दाण्यावरची स्टार्चची पूड पाण्यात उतरून त्याचा चिवट फेस होतो आणि तो भोकातून थुंकतो. तीन-चार पाण्यांनी तांदूळ धुवावेत आणि अर्धा चमचा तूप घालावं. स्निग्धांश फेसाचे बुडबुडे फोडतो. भांडं पाऊणच्या वर कधीच भरू नये.

खटका उडाला म्हणजे जेवायला बसायचं असं नाही. त्या क्षणी तळचा भात कोरडा आणि वरचा ओलसर असतो. झाकण न उघडता दहा-पंधरा मिनिटं भात मुरू द्यावा. ओल वरून खाली सारखी होते आणि तळाला धरलेला पापुद्रा सुटून येतो. मग लाकडी भातवाढीने कडेकडेने हलवून भात मोकळा करावा. धातूचा डाव नको, भांड्याचा थर ओरखडला जातो.

खिचडी लावली आणि खटका मध्येच उडाला, ही तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते. कारण आता सहज ओळखता येईल. डाळ-तांदळाचं मिश्रण घट्ट होतं, तळाशी चिकटतं आणि वरचं पाणी खाली उतरू देत नाही. वर पाणी दिसत असलं तरी तळ १०३ अंश ओलांडतो. पाणी थोडं वाढवून मध्ये एकदा ढवळलं की काम होतं. फोडणीचंही तसंच. कोरड्या भांड्यात तेल तापवायला गेलं की मिनिटाभरात खटका उडणार, कारण तेलाला शंभराची मर्यादा नाही. खटका खाली राहावा म्हणून तो दाबून धरणं किंवा चिकटपट्टी लावणं हा धोक्याचा उद्योग आहे, तो करू नये. फोडणी कढल्यात करून वरून घालावी. खिचडीला डाळ मुगाची असावी. तुरीच्या डाळीला शिट्टीच्या कुकरमधले १२० अंश मिळाले तरच ती तेवढ्या वेळात नीट गळते, इथे शंभराच्या वर काही मिळायचं नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे खटका नेहमीसारखा उडेल आणि दाणा मात्र कच्चट लागेल. थोडं जास्त पाणी घातलं की शिजायला थोडा जास्त वेळ मिळतो.

जास्त पाणी म्हणजे जास्त वेळ, ही युक्ती वाफवण्याच्या कामीही येते. फुमिको-योशितादांचं पेलाभर पाणी आठवा. ४०० वॅटच्या कुकरला शंभर मिली पाणी तापवून पूर्ण आटवायला किमान दहा-अकरा मिनिटं लागतात. झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन खाली ठिबकते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्तच. वरच्या जाळीत चार-पाच उकडीचे मोदक ठेवायचे आणि खाली सव्वाशे-दीडशे मिली पाणी घालायचं. पाणी संपलं की खटका उडतो, मोदक झालेले असतात. अळूवडीचे उंडे जास्त वेळ मागतात, त्यांना पाणी जास्त. आपल्या कुकरला किती पाण्यात किती मिनिटं मिळतात हे एकदा नुसतं पाणी घालून पाहिलं की कायमचा अंदाज येतो.

खटका उडाल्यावर लागणारा ‘वॉर्म’चा दिवा भात ऊन ठेवतो. या अवस्थेत कुकर तीस-चाळीस वॅट खातो. भात शिजवायला ४०० वॅटवर पंचवीस मिनिटं, म्हणजे युनिटचा सहावा हिस्सा वीज लागते. दिवा चार तास जळत राहिला तर जवळपास तेवढीच पुन्हा जाते आणि भात कडेने वाळतो तो वेगळाच. तासाभरात जेवायचं असेल तरच तो ठेवावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बटण बंद करून भात रात्रभर कुकरात विसरू नये. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि उकळीलाही पुरून उरतात. भात साठ अंशांच्या वर ऊन असेल किंवा फ्रीजमध्ये गार असेल तर ते गप्प राहतात. नुसता कोमट राहिला की वाढतात आणि उलटीला कारण होणारं विष सोडतात. ते विष सकाळी फोडणीच्या भातातही टिकून राहतं. म्हणून उरलेला भात पसरट डब्यात काढून, वाफ गेली की तास-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवावा.

विकत घेताना दोन माणसांना छोटा, चार माणसांना दीड-पावणेदोन लिटरचा बघावा. पण खोक्यावरच्या लिटरवर विसंबू नये. कोणी ते पूर्ण भांड्याचं माप देतं, कोणी शिजलेल्या भाताचं. कच्चे तांदूळ किती ग्रॅम मावतात ते वाचावं. ४०० वॅटचा कुकर दोन अँपिअरपेक्षा कमी वीज ओढतो, म्हणजे वसतिगृहातल्या किंवा भाड्याच्या खोलीतल्या साध्या प्लगवर चालतो. अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या मुलांनी मात्र इथला कुकर बॅगेत भरू नये. तिथल्या १२० व्होल्टवर त्याची ताकद जेमतेम पावपट उरते आणि पाणी उकळायलाच युग लोटतं. तिथला कुकर इथे आणून लावणं तर त्याहून वाईट. चौपटीच्या जवळ ताकद अंगावर येते आणि तो जळतो.

रोजच्या वापरात एकच पथ्य कटाक्षाने पाळावं. आतलं भांडं बाहेरून पुसून, कोरडं करून मगच बसवावं आणि बसल्यावर डावी-उजवीकडे हलकं फिरवावं. तबकडी आणि भांडं यांच्यामध्ये एखादं शीत अडकलं, तर मधल्या चकतीला तळ नीट टेकत नाही आणि तिला खरं तापमान कळत नाही. मग भात कधी कच्चा राहतो, कधी करपतो, आणि बोल तांदळाला लागतो.

एखाद्या दिवशी कुकर अगदीच मेला, दिवाही लागेना, तर तो भंगारात टाकायची घाई करू नका. आधी वायर तपासावी. वायर ठीक असेल तर बहुधा आतला थर्मल फ्यूज गेलेला असतो. तापमान हाताबाहेर गेलं तर वीज कायमची तोडणारा हा स्वस्तातला तुकडा कोणताही विजेच्या उपकरणांचा दुरुस्तीवाला बदलून देतो. फक्त त्याच तापमानाचा नवा फ्यूज घालायला सांगावं. फ्यूज काढून तिथे नुसती तार जोडून दिली, तर कुकर चालू होईल, पण चुंबकाचा खटका कधी अडकला तर त्याला थांबवणारं आत काहीच उरणार नाही.